महिनाभराची उसंत

गाडीचं दार लावायचं नाही, नुसतं टेकवून ठेवायचं. मी शिकलेली ही पहिली गोष्ट, आणि ती चुकूनच शिकलो. डिसेंबरचा मध्य होता. कायोटी नावाच्या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या शिकारीला आम्ही निघालो होतो. सकाळचे सात वाजत आले होते, अजून उजाडायचं होतं, पारा उणे अठरावर. मी सवयीनं पिकअपचं दार धाडकन लावलं. रँचचे मालक काही बोलले नाहीत. समोरच्या टेकाडाकडे त्यांनी एकदा पाहिलं, परत गाडीत बसले आणि गाडी सुरू केली. त्या जागी आम्ही बसलोच नाही. दोन मैल पुढे गेल्यावर ते म्हणाले, "त्या खोलगटात जो कुणी होता, त्याला आता आपण आल्याचं ठाऊक आहे. तिकडे दोन आठवडे जायचं नाही."

मी अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, बफेलो नावाच्या गावाजवळ राहतो. रस्ते आणि मोऱ्यांच्या कामावर सिव्हिल इंजिनियर आहे. पश्चिमेला बिगहॉर्नचे डोंगर, त्यातलं क्लाउड पीक 4,013 मीटर उंच. पूर्वेला पावडर नदीच्या खोऱ्याकडे उतरत गेलेला उघडा माळ, त्यावर कमरेइतकं राखाडी सेजब्रशचं झुडूप आणि गवत. इथे पाऊस कमी आणि मेंढरं पुष्कळ. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरांतून आलेल्या बास्क मेंढपाळांनी हा भाग मेंढरांसाठी नावारूपाला आणला. माझं गाव माण तालुक्यातलं, म्हसवडच्या बाजूचं. आजोबांचा वाडा होता, म्हणजे मेंढरांचा वाडा, घराचा नव्हे. लहानपणी रात्री वाघर लावून मेंढरं आत घेतली की आजोबा घोंगडं पांघरून बाहेर बसत आणि अंधारातून कोल्हेकुई सुरू होई. या परक्या माळावर पहिल्या हिवाळ्यात तसाच आवाज कानावर आला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून बाहेर उभा राहिलो होतो.

तो आवाज कायोटीचा. पुस्तकात कायोटी, पण इथले मेंढपाळ शेवटची ई गिळून 'कायोट' म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो. आपल्या कोल्ह्याहून अंगानं मोठा, लांडग्याहून बराच लहान. दहा ते पंधरा किलोंचा प्राणी, पण हिवाळ्यातल्या दाट केसांमुळे दुप्पट दिसतो. पहिल्यांदा मेलेला कायोट उचलला तेव्हा त्याचं हलकेपण हाताला खोटं वाटलं होतं.

रँचच्या मालकांशी ओळख झाली ती त्यांच्या रस्त्यावरची मोरी मोजायला गेलो तेव्हा. मे महिना होता, खालच्या कुरणात मेंढ्या वीत होत्या. एक कोकरू पाण्यात पडलं, ते मी काढून पुसून मेंढीपुढे ठेवलं. कोकरू कसं धरायचं हे मला कुणी शिकवावं लागत नाही. त्यांनी ते पाहिलं आणि मला गोठ्यामागे नेलं. तिथे चार मेलेली कोकरं ओळीनं ठेवली होती. त्यांनी एकाच्या गळ्याची कातडी सोलून दाखवली. वरून दोन बारीक भोकं, आत मात्र जबड्याखाली सगळं रक्त साकळून काळं झालेलं. "मेलेलं कोकरू कायोटनं खाल्लं असेल तर असं रक्त साकळत नाही," ते म्हणाले. "हे जिवंतपणी धरलंय." त्या वर्षी एकट्या खालच्या कुरणातून त्यांची एकोणीस कोकरं गेली. दोन मोठे पांढरे पिरेनीज कुत्रे राखणीला होते, तरीही.

मी विचारलं, मग सगळेच कायोट का मारत नाही? त्यांचं उत्तर मी नंतर अनेकांना सांगितलं आहे. त्यांच्या वडिलांनी तेच केलं होतं. मेलेल्या जनावरात विष भरून माळावर ठेवत. त्यानं कायोट मरत, आणि गरुड, बिजू, घरचे कुत्रेही मरत. 1972 च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनीवर हिंस्र प्राणी मारायला विष वापरणं बंद केलं तेव्हा मेंढपाळ चिडले होते. हे तेव्हा तरुण होते, हेही चिडले होते. "पण विषाच्या सगळ्या वर्षांत कायोट संपले का? दहा मारले की दहा येतात. चांगली जागा रिकामी राहत नाही. मला फक्त कोकरं उभी राहीपर्यंत उसंत हवी. महिनाभर." 1972 हे साल ऐकून मी दचकलो. आमच्याकडे ते दुष्काळाचं साल. आजोबांची अर्धी मेंढरं त्या साली गेली. आणि भारतात वन्यजीव संरक्षण कायदा आला तोही त्याच वर्षी.

आता हाकेबद्दल. हिवाळ्यात कायोटला शोधत फिरण्यात काही हशील नाही. या उघड्या माळावर तो तुम्हाला एक मैलावरून पाहतो. म्हणून त्याला बोलवायचं. एका जागी दडून बसायचं आणि त्याला यावंसं वाटेल असा आवाज काढायचा. ससा एरवी मुका, पण धरला गेला की तान्ह्या बाळासारखा ओरडतो. बहुतेक लोक त्या ओरडण्याची नक्कल करतात. काही जण रिमोटवर चालणारा लाऊडस्पीकर लावतात, त्यात शेकडो आवाज भरलेले असतात. आमच्याकडे तोही होता, पण मालकांचा खरा भरवसा गळ्यात दोरीनं अडकवलेल्या दोन पिपाण्यांवर. एक सशाची, एक कायोटच्याच हुंकाराची. माझ्या लहानपणी गावाबाहेर पालं टाकणारे फासेपारधी तोंडानं तितराला बोलवत. तितर उत्तर देत देत जवळ येई आणि आम्ही पोरं श्वास रोखून बघत असू. त्यांच्या गळ्यात पिपाणीही नसायची.

पिपाणी वाजवायला मला सहा आठवडे लागले. फुंकर ओठांतून नाही, पोटातून यावी लागते, आणि पत्तीवर दात किती पुढे टेकवले यावर सूर चढतो-उतरतो. मी गाडीत, बांधकामावर जाता-येता सराव करायचो. सूर जमल्यावर कळलं की सुराचं काम सगळ्यात कमी आहे. पहिल्या मिनिटातच जोरात वाजवलं तर शंभर पावलांवर झोपलेला कायोट बिचकून पळतो. म्हणून आधी हाताच्या मागच्या बाजूला ओठ लावून उंदराची चिकचिक काढायची, मग हळू ससा, मग मोठ्यानं, मग गप्प. ही शांतता मला सगळ्यात जड गेली. मालक वीस मिनिटांत मोजून चार वेळा वाजवायचे. "खरा ससा सतत ओरडत नाही. त्याला दम लागतो."

आणि वारा. यावर लिहायला बसलो तर निम्मा लेख त्याचाच होईल, कारण निम्मी शिकार त्याचीच आहे. कायोट कानानं येतो, पण विश्वास नाकावर ठेवतो. आवाज ऐकला की तो सरळ येत नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि तिथून वास घेतो. वासात ससा नसून माणूस निघाला की खेळ संपला, आणि त्या कायोटसाठी तो आवाज पुढे कायमचा बाद. म्हणून बसताना आपल्याला वारा आडवा हवा, आणि वाऱ्याच्या खालची बाजू, जिथून तो वास घ्यायला येणार, ती नजरेसमोर मोकळी हवी. स्पीकर असेल तर तो पन्नास-साठ पावलं वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवायचा, म्हणजे त्याचा वळसा आपल्या समोरून पडतो. सूर्य पाठीशी. पाठ झुडपाला टेकलेली, डोकं आभाळाच्या रेषेवर येता कामा नये. गाडी टेकडीआड ठेवायची आणि माथा ओलांडून न जाता कडेनं वळून जायचं. एवढं सगळं जुळेल अशी जागा सापडली तरच बसायचं. इथे एका जागच्या अशा बसण्याला 'स्टँड' म्हणतात. माझ्या मनात त्याला बैठक हाच शब्द येतो.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही अशा सत्तावीस बैठका केल्या. माझ्या हातात फक्त दुर्बीण आणि पिपाणी होती. कारण कायद्याचं. मी तेव्हा एच-वन-बी व्हिसावर होतो. कायोट मारायला वायोमिंगमध्ये लायसन्स लागत नाही, राज्याच्या कायद्यात तो थेट उपद्रवी हिंस्र प्राण्यांच्या यादीत आहे. पण अमेरिकेचा केंद्रीय कायदा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक जवळ बाळगू देत नाही, दुसऱ्याची क्षणभर हातात घ्यायलासुद्धा नाही. त्यातून सूट मिळते ती कुठल्यातरी राज्यानं दिलेलं शिकारीचं वैध लायसन्स असेल तर. म्हणजे ज्या प्राण्यासाठी लायसन्सची गरज नाही, त्याच्यासाठी मला लहान प्राण्यांच्या शिकारीचं लायसन्स काढावं लागणार होतं, आणि त्याआधी सुरक्षिततेचा कोर्स. 1966 च्या 1 जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना वायोमिंगमध्ये तो लागतो. इथे राहणाऱ्या आपल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण मित्राच्या आग्रहाखातर मजा म्हणून बंदूक हातात घेणारे मी पाहिले आहेत. वकिलाला विचारल्याशिवाय बंदुकीला हात लावू नका.

त्या हिवाळ्यात कायोट आले किती? डोळ्यांनी पाहिले पाच. पण एकदा काय झालं ते सांगतो. जानेवारीतली सकाळ, आदल्या रात्री चार बोटं बर्फ पडलेलं. वीस मिनिटं वाजवलं, दोन मॅगपाय पक्षी येऊन झुडपावर बसले, ओरडले. सशाच्या किंकाळीला हे पक्षी सगळ्यांच्या आधी येतात. बाकी काही नाही. उठलो, पाय मोकळे केले, परत निघालो, आणि आमच्या मागे, जेमतेम तीस पावलांवर, ताज्या बर्फात माग दिसला. एका ओळीत टाके घातल्यासारखी चाल. कुत्र्याची चाल अशी नसते, तो भटकत चालतो. कायोट डाव्या घळीतून वर आला होता, पुरता वळसा घालून आमच्या पाठीमागे आला होता, आणि एका सेजब्रशाआड उभा राहिला होता. चारही पायांखालचं बर्फ दबून गोठलं होतं, म्हणजे बराच वेळ. तो आमच्या पाठी बघत होता आणि मी समोरच्या रिकाम्या माळावर दुर्बीण फिरवत होतो. मालक गुडघ्यावर बसून त्या ठशांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वारा फिरला होता, मला कळलं नाही." सत्तर ओलांडलेला माणूस, सगळं आयुष्य या माळावर गेलेलं.

थंडीचं थोडं लिहायलाच हवं, कारण ती आधी वस्तूंवर चालून येते. पिपाणीत थुंकी गोठते आणि पत्ती चिकटते, ऐन वेळी नुसती हवा निघते. म्हणून ती सदऱ्याच्या आत छातीशी ठेवायची. स्पीकरची बॅटरी अर्ध्या वेळेत संपते. बंदुकीच्या खटक्यात नेहमीचं तेल असेल तर ते थिजतं आणि घोडा ओढूनही बार उडत नाही, म्हणून डिसेंबरात ते सगळं पुसून कोरडं करायचं. गाडीच्या उबेतून दुर्बीण एकदम बाहेर काढली की काचेवर वाफ धरते आणि तिचं बर्फ होतं, तेव्हा ती आधीपासून मागच्या उघड्या हौद्यात ठेवायची. उणे वीसमध्ये ताशी तीस किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे तेहतीस लागतं. मांडीखाली फोमचा तुकडा घेतल्याशिवाय बसू नये. घोंगडं असतं तर मी तेच नेलं असतं. गोठलेल्या जमिनीवरून गोळी उसळते, त्यामुळे सपाट बर्फावरच्या प्राण्यावर कधीच नेम धरायचा नाही, त्याच्या मागे उतार हवा, माती हवी.

दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत लायसन्स आलं होतं. कागदावर शंभर आणि दोनशे यार्डांवर मी पावणेदोनशे गोळ्या झाडल्या होत्या. दोनशेच्या पुढे मारणार नाही असं ठरवलं होतं, कारण त्यापुढे माझ्या गोळ्या वितीपेक्षा जास्त पसरत. फक्त जखमी होऊन पळालेला प्राणी मला सहन झाला नसता.

मालकांनी त्या वर्षी डिसेंबर-जानेवारीत एकही कायोट मारू दिला नाही. आम्ही नुसते ऐकत फिरलो. संध्याकाळी टेकडीवर उभं राहून ते एक लांब हुंकार देत आणि उत्तर कुठून येतं ते वहीत लिहीत. उत्तरेच्या कड्यावर एक जोडी होती. सहा वर्षं ती तिथे होती आणि तिच्या बाजूच्या कुरणातलं एकही कोकरू गेलं नव्हतं. "ती जोडी आहे तोवर दुसरं कुणी तिथे येत नाही. तिला हात लावायचा नाही." दुसरी जोडी खालच्या कुरणाच्या कडेच्या घळीत. दोन्ही वर्षी मेलेली कोकरं सापडली ती त्याच घळीच्या अंगाला, आणि मे महिन्यात तिथेच पिल्लांचं बीळ होतं. बहुतेकदा घरात पिल्लं असलेली जोडीच कोकरांच्या मागे लागते, कारण आठ-दहा तोंडांना उंदीर पुरत नाहीत. आधी मारलं असतं तर मे महिन्याच्या आत ती घळ पुन्हा भरली असती. म्हणून फेब्रुवारीचा शेवट.

फेब्रुवारी हा त्यांच्या जोडीचा महिना. तेव्हा सशापेक्षा त्यांच्याच आवाजाला ती लवकर येतात, कारण आपल्या हद्दीत परका आला हे त्यांना खपत नाही. त्या सकाळी वारा वायव्येचा, हलका, न फिरणारा. मालकांनी एक हुंकार दिला. आम्ही थांबलो. दहा मिनिटांनी दुसरा दिला, आणि घळीच्या तोंडाशी दोघं एकदम दिसली. नर पुढे, शेपटी ताठ, सरळ आमच्याकडे. मादी साठ-सत्तर पावलं मागे. मी बंदूक दोन काठ्यांच्या घोडीवर टेकवली. नर धावत होता. मी तोंडानं 'व्हूफ' केलं, तो जागीच थांबला, आडवा, मागे मातीचा उतार. एकशे चाळीस पावलं, नंतर मोजली. गोळी सुटली आणि तो जिथे उभा होता तिथेच बसल्यासारखा खाली गेला.

मादी वर पळाली. मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, हलू नकोस या अर्थानं, आणि पिपाणीवर पिल्लाचं केकाटणं काढलं. ती माथ्यावर थांबली. वळली. आणि परत आली. माझ्या आयुष्यात मी इतकं धीट काही पाहिलेलं नाही. ती नराच्या जवळ आली, त्याला हुंगलं आणि मान वर करून आवाजाकडे पाहिलं. ती माझ्या बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या फुलीत होती. मालकांनी होकारार्थी मान हलवली. माझं बोट चाललं नाही. दोन श्वास मी थांबलो, तिसऱ्याला त्यांनी स्वतःची बंदूक उचलली.

परत येताना मी म्हटलं, मला जमलं नाही. त्यांनी मला दोष दिला नाही. "अर्धं काम ठेवून उठलो असतो तर तिनं पंधरा दिवसांत दुसरा जोडीदार आणला असता. मग हा नर कशासाठी मारला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. ते मारताना मला बरं वाटलं नाही, आणि मे महिन्यातली ती चार कोकरंही मी विसरलेलो नाही. दोन्ही खरं आहे. हे काम करणाऱ्यानं दोन्ही सोबत बाळगावं, असं मला वाटतं.

कातडी त्याच दिवशी सोलली, गोठण्याआधी. फेब्रुवारी अखेर म्हणजे उशीरच, मानेवरचे केस घासून विरळ झालेले. खरी दाट फर डिसेंबर-जानेवारीतली. एके काळी जॅकेटच्या कॉलरसाठी या फरला चांगला भाव होता. कॅनडा गूस या कंपनीनं 2021 मध्ये फर बंद करण्याचं जाहीर केलं, तोवर बाजारही उतरला होता. आम्ही विकायला मारली नव्हती, पण मालक काही वाया घालवत नाहीत. नराच्या पोटात उंदीर होते, हरणाचे केस होते. मादी गाभण होती की नाही हे कळण्याचा तो काळ नव्हता. मी विचारलंही नाही.

रात्री घरी फोनवर वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझे आजोबा लांडग्यानं एखादं कोकरू नेलं तर त्याचा वाटा म्हणत. पण एका रातीत सात नेली होती, तेव्हा तेही कुऱ्हाड घेऊन रानात गेले होते." ही गोष्ट मला कुणी कधी सांगितली नव्हती.

मे महिन्याच्या 5 तारखेला मेंढ्या खालच्या कुरणात सोडल्या. मी दर शनिवारी-रविवारी जात होतो. काही कोकरं पावसानं गेली, एक उलटं अडकून गेलं, दोन आईनं टाकली. गळ्याला भोकं पडलेलं एकही नाही. कोकरं मोठी झाली, टोळीनं उड्या मारायला लागली. 31 तारखेला सकाळी मालकांनी मला ओढ्याकडे बोलावलं. चिखलात माग होता, ताजा, कडा अजून ओल्या. एका ओळीत, टाके घातल्यासारखा, पूर्वेकडून आलेला, घळीकडे गेलेला. ते गुडघ्यावर बसले, ठशाशेजारी बोट ठेवून पाहिलं. लहान होता, वर्षाचा असेल.

"सव्वीस दिवस," ते म्हणाले, आणि उठून कुत्र्यांना हाक मारली.